सासरे पुलावर होते

रस्ते आणि पूल खात्याच्या कचेरीत जेवणाच्या सुट्टीत भांडण पेटलं ते एका सिनेमावरून. अठरा वर्षं पुलांचे नकाशे काढणाऱ्या आरेखकाचा तो लाडका युद्धपट. तेरा वेळा पाहिलेला. त्यातली गोळी न् गोळी इतिहासाला धरून आहे, असं त्याचं ठाम मत. समोरच्या भांडारपालाने डबा बंद करता करता सांगितलं की, शेवटी दगडी पूल एकाच स्फोटात मधोमध बसतो ते साफ खोटं. दगडी कमान अशी पडत नाही, आणि निदान या कचेरीत तरी हे कळायला हवं.

हे आरेखकाच्या वर्मी लागलं. एरवी तोलूनमापून बोलणारा माणूस, पण तोंडून निघून गेलं, "माझे सासरे त्या पुलावर होते."

चमचे जिथल्या तिथे थांबले. बातमी साहेबांच्या खोलीपर्यंत गेली. साहेबही युद्धपटांचे भक्त निघाले. रविवारी सभागृहात मोठ्या पडद्यावर सिनेमा लावायचा आणि सासऱ्यांनी प्रसंगागणिक खरं-खोटं सांगायचं, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. संध्याकाळी फलकावर सूचना लागली, 'प्रत्यक्षदर्शी योद्ध्यासह'. खाली 'सहकुटुंब यावे' हेही.

घरी बायकोने शांतपणे ऐकून घेतलं. "बाबा पुलावर होते हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"त्या लढाईत होते ना."

"लढाईत होते. पुलाचं मी कधी ऐकलं नाही. ते त्याबद्दल बोलतच नाहीत."

बोलत नाहीत म्हणजेच काहीतरी मोठं असणार, असं तो म्हणाला खरा, पण आवाज बारीक झाला होता. त्याने सासऱ्यांना तीनदा फोन केला. पहिल्यांदा त्यांनी गुडघ्याची हकीकत सांगितली, दुसऱ्यांदा दुसऱ्या गुडघ्याची. तिसऱ्यांदा त्याने सिनेमाचं नाव काढताच "येतो की" म्हणून त्यांनी फोन ठेवला. प्रश्नांचं सांगायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

रविवारी साठ खुर्च्या पुरल्या नाहीत. सासरे कडक इस्त्रीचा सदरा घालून आले. साहेबांनी स्वतःची गादीची खुर्ची पुढच्या रांगेत आणवली आणि त्यांच्या हाती माइक दिला. हे कशाला, असं त्यांनी जावयाला विचारलं. असू द्या, बाबा, एवढंच त्याला सुचलं.

सिनेमा सुरू होऊन पाच मिनिटं झाली नाहीत तोच साहेबांनी तो थांबवून गणवेश असेच होते का म्हणून विचारलं. असतील, असं उत्तर आलं. मग खंदकांपाशी थांबवला. तिसऱ्यांदा थांबवला तेव्हा सासऱ्यांनी माइक शेजारी बसलेल्या आपल्या मुलीच्या मांडीवर ठेवला. "साहेब, रागावू नका. सारखं थांबवू नका. बघू द्या."

मग सिनेमा सलग चालू राहिला. आरेखक पडद्याकडे पाहतच नव्हता, तो सासऱ्यांकडे पाहत होता. सुरुंग लावणारे सैनिक चिखलातून सरपटत निघाले तसे सासरे खुर्चीत पुढे सरकले. पूल मधोमध बसला तेव्हा ते अर्धवट उठून उभेच राहिले.

दिवे लागले. भांडारपाल पुढे आला, पण आता त्याच्या आवाजात अदब होती. "काका, पूल असाच पडला होता का?"

"मला काय माहीत. मी पाण्याच्या टँकरवर होतो. टेकडीमागे, दोन मैल लांब. चार दिवस नुसती धूळ. पाचव्या दिवशी सांगितलं, जिंकलो, चला. कसे जिंकलो ते कोण सांगणार? घरी आलो तर सगळे मलाच विचारायचे. मला माहीत असतं तर बोललो नसतो का?" त्यांनी डोळे पुसले. "चौथ्या दिवशी एक धडाका झाला होता. तो कसला ते आज कळलं. फार चांगला सिनेमा आहे."

आरेखकाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. उद्यापासून कचेरीत तोंड दाखवायला जागा उरली नव्हती. भांडारपाल मात्र विचारात पडला होता.

"एकच धडाका झाला?"

"एकच."

"नंतर दुसरा, लहानसा?"

"अहो, टेकडीमागे बसून आवाज मोजण्याखेरीज आम्हाला काम काय होतं? एकच."

भांडारपाल सगळ्यांदेखत आरेखकाकडे वळून म्हणाला, "मग एकातच बसला असणार. तुमचं बरोबर होतं."

टाळ्या पडल्या. साहेबांनी सासऱ्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि सिनेमात इतिहासाला सोडून काहीच नाही ना, असं एकदा शेवटचं विचारलं.

सासऱ्यांना जरा संकोच वाटला. "चांगल्याला नावं ठेवू नयेत. पण टँकर कुठे दाखवला नाही त्यांनी. मग चार दिवस ही सगळी पोरं प्यायली काय?"

तेरा वेळा पाहूनही जी आपल्या ध्यानात आली नव्हती, ती सिनेमातली चूक आरेखकाने तिथल्या तिथे मान्य केली.