रवंथ झाल्याशिवाय शिक्का नाही

शिवऱ्याच्या जकात नाक्यावर नाकेदार इमामचाचा गाडीतला माल नंतर बघत, आधी बैलांची तोंडं बघत. बैल सोडायचे, त्यांना पाणी पाजायचं, आणि ते रवंथ करायला लागेपर्यंत पावतीवर शिक्का नाही. "मुकं जनावर हाय. त्येचा अर्ज कोण लिवणार?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मी भोरच्या एका हिरड्याच्या वखारीत कारकून होतो. वेल्ह्याच्या डोंगरातला हिरडा दर बुधवारी आमच्या सहा गाड्यांतून पुण्याला, तिथून आगगाडीने मुंबईला आणि मग बोटीने विलायतेला जाई. तिथे म्हणे त्याने कातडी कमावतात. मी तीन इयत्ता इंग्रजी शिकलेला, त्यामुळे विलायतेचे सगळे जोडे माझ्यावाचून अडलेत अशी माझी खात्री होती.

नाक्यावरच्या या उशिरापायी एकदा बोट चुकली. मालकांनी चार माणसांत माझी अक्कल काढली आणि पुन्हा चुकली तर घरी बसा म्हणाले. मी तावातावाने भोर संस्थानच्या दरबाराकडे अर्ज खरडला. पण नाक्यावरच्या तक्रारी नाकेदारामार्फतच जायच्या! चाचांनी तो माझ्याकडूनच वाचून घेतला.

"'उशीर' मिळमिळीत वाटतोय बगा. 'अतोनात खोळंबा' लिवा."

मी निर्लज्जासारखं तेही लिहिलं. चाचांनी अर्ज इमानाने भोरला धाडला.

अखेर हुकूम आला: गाडी येताच शिक्का द्यावा. त्या बुधवारी मी मुद्दाम गाड्यांबरोबर गेलो, भर उन्हाळ्यात लोकरीचा कोट घालून. चाचांनी बैलांकडे न बघता शिक्के मारले.

"निगा आता, सायेब. तुमची बोट हाय."

'साहेब' ऐकून मी फुगलो. पाणी प्यायला त्यांच्या खोपटात वाकलो, तर चुलीपाशी भाकऱ्यांची चळत, ठेचा आणि सात ताटल्या मांडलेल्या. चाचांना बायको ना मूल, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"एवढं कुणासाठी?"

"गाडीवाल्यांसाठी. बैल रवंथ करत्यात तवर आमी जेवतो. आज भाकऱ्या थापताना हुकमाचं ध्यानातच न्हाई राहिलं." त्यांनी भाकऱ्यांवर फडकं टाकलं.

मला माझीच लाज वाटली. गाडीवान तिथे काय करतात, हे मी कधी विचारलंच नव्हतं. मला बोट आठवली, मालकांचा चेहराही आठवला. तरी बाहेर येऊन मी गाडीवानांना बैल सोडायला सांगितलं.

"आवो, शिक्का झालाय की!" चाचा म्हणाले.

"झाला असेल. बैल कुठं रवंथ करतायत अजून?"

मी कोट काढून पंगतीत बसलो. ताटल्या सातच होत्या. चाचांनी स्वतःची पुसली आणि माझ्यापुढे ठेवली.