अंधेरीच्या नळदरवाज्याच्या मोहिमेची हकीकत

प्रथम वरुणराजास नमन, कारण या मोहिमेचे मूळ पाणी. न्यायदेवतेस नमन, तिचे डोळ्यांवर पट्टी असल्याकारणे तिने पुढील प्रकार पाहिला नाही, सबब तिजकडे दोष नाही. आणि अंधेरी प्रांतीच्या त्या अदालतीस लवून मुजरा, जिचे नाव येथे लिहीत नाही, कारण बेअदबीचा कायदा कडक आणि बखरकाराचा जीव लहान. शके एकोणीसशे सहा, ते साली वसुधाबाई रेगे वकील यांनी दोन शब्द लिहून जी मोहीम मारली, तिची हकीकत घडली तैसी लिहिली असे.

मूळ ऐसे जे, अंधेरीच्या पूर्वेस जयवंतशेठ यांची चाळ. चाळीचे मागे परस, परसात नळ, आणि नळाकडे जावयास बोळाच्या टोकास एकच दरवाजा. शेठ यांचे मनी परसात मोटारींचे गॅरेज बांधावे ऐसा मनसुबा उपजला, मग एके सकाळी त्यांनी जातीने येऊन दरवाज्यास कुलूप ठोकिले, आणि रयतेने सगळ्या चाळीस वळसा घालून हमरस्त्यावरील नळाचे पाणी आणावे ऐसे फर्मान सोडिले. रयत कुरकुरली आणि गप्प बसली. एकट्या द्रौपदीबाई बसल्या नाहीत. बाई मालवण प्रांतीच्या, नवरा वारलेला, गुडघे कायमचे धरलेले, आणि तोंड ऐसे की त्यांचे खोलीवरून जाताना शेठ चपला हातात घेत. बाईंनी अदालतीत दावा लाविला. शेठ यांनी जाब दिला की दरवाजा पूर्वापार बंदच आहे आणि या रयतेने त्या नळास कधी हात लाविला नाही.

मग दावा म्हातारा होऊ लागला. दाखल जाला तेव्हा बाईंची नात पाळण्यात होती, ती शाळेत जाऊन भागाकार शिकली, तरी एकाही साक्षीदाराने पिंजऱ्यात पाऊल ठेविले नव्हते. कारण शेठ यांचे वकील राजमान्य अनंतराव टिपणीस, तारीखबहादर. लढाईच होऊ दिली नाही म्हणजे ती हरता येत नाही, ही विद्या त्यांस पुरती साधली होती. त्यांचे शस्त्र एकच, तारखेचा अर्ज. कधी पोट, कधी दाढ, कधी हायकोर्टातील कामगिरी, कधी चष्मा घरी. एकदा चुलत्याचे उत्तरकार्य दाखविले, आणि तो चुलता पुढील महिन्यात अदालतीच्या कँटिनात कांदाभजी खाताना आढळला, तरी कोणी मनावर घेतले नाही.

मनावर कोण घेणार? द्रौपदीबाईंचे वकील शरच्चंद्रपंत वागळे हे टिपणिसांचे कॉलेजापासूनचे दोस्त, दोघांचा दुपारचा डबा एकत्र. टिपणिसांचा अर्ज येई, वागळे त्यावर 'हरकत नाही' लिहून सही करीत, आणि मग न्यायाधीशसाहेब 'मंजूर' लिहीत. साहेबांस तरी काय म्हणावे! बोर्डावर दाव्यांचा ऐसा ढीग की एक पुढे गेला म्हणजे तेवढाच श्वास घ्यावयास मिळे. वकील खुश, अदालत खुश, आणि जयवंतशेठ दर तारखेस हौसेने येऊन टिपणिसांस मिसळ खिलवीत. द्रौपदीबाई तेवढ्या हंडा कमरेवर घेऊन चाळीभोवती वळसा घालीत.

वसुधाबाई या वागळ्यांच्या हाताखाली नव्या. त्यांची मनसब म्हणजे वागळ्यांची बॅग उचलणे, तारीख घेणे आणि मान डोलाविणे. वकिलांच्या खोलीत खुर्ची मागितली तर पोक्त मंडळी विचारीत, लग्न कधी? बसावयास जागा नाही म्हणून बाई जिन्याच्या पायरीवर बसून दाव्यांचे कागद वाचीत, आणि वाचता वाचता त्यांस द्रौपदीबाईंच्या वळशाची मनापासून चीड आली.

ऐसे चालले असता एके तारखेस सकाळीच द्रौपदीबाई गुणाजीस घेऊन अदालतीत दाखल जाल्या. गुणाजी त्यांचा शेजारी, गिरणी कामगार. संपानंतर त्याच्या गिरणीचा दरवाजा पुन्हा उघडला नाही, तेव्हा खोली सोडून तो कायमचा गावी निघाला होता, ट्रंक आणि वळकटी घेऊनच आला होता. कुलूप घातले ते समयी जवळ असलेला आणि शेठला न भिता बोलणारा इसम तो एकच. द्रौपदीबाईंनी वसुधाबाईंचा हात धरिला.

"बाये, ह्यो आज सांजच्या एस्टीन गावाक जाता. तो काय परत येवचो नाय. आज ह्येची साक्ष झाली नाय तर माझो दरवाजो गेलो."

आणि वागळेसाहेब तर हजर नव्हते. प्रकृती बरी नाही ऐसे कळवून साहेब मनोरीस एका मित्राच्या कॉटेजात सुरमईच्या स्वारीवर गेले होते, आणि जाताना आज्ञा करून गेले होते की टिपणिसांचा अर्ज आला की सही करावी, तारीख घ्यावी, आणि तोंडातून अवाक्षर काढू नये. वसुधाबाईंस भय टिपणिसांचे नव्हते, आपल्याच साहेबांचे होते, कारण हुकूम मोडला तर उद्या ती जिन्याची पायरीही जाणार हे त्या जाणून होत्या.

इतक्यात तारीखबहादर वेलदोडा चघळीत चालून आले.

"घे गं, सही टाक पटकन. मला पार्ल्याला जायचंय."

"काका, आज साक्षीदार आलाय."

"मग पुढच्या तारखेला येईल ना!"

"नाही येणार. गावाला चाललाय, कायमचा."

"अगं, सगळे साक्षीदार असंच म्हणतात. टाक सही."

वसुधाबाईंनी एकवार द्रौपदीबाईंच्या गुडघ्यांकडे पाहिले, मग पेन उघडिले, आणि अर्जावर लिहिले: हरकत आहे. टिपणिसांनी वाचिले, चष्मा पुसला, पुन्हा वाचिले.

"चुकून 'आहे' पडलंय गं तुझं."

"चुकून नाही, काका."

मग अर्ज हुजूर गेला. न्यायाधीशसाहेबांनी सवयीने 'मं' इतके लिहिले, आणि मग हरकत दिसताच पेन जागीच थांबले. टंकलेखकाची बोटे थांबली. डुलक्या घेणारे दोन वकील जागे जाले आणि कोण वारले ऐसे विचारू लागले. हरकत आली असता पुढे काय करावयाचे हे त्या अदालतीत कोणासच आठवेना. साहेबांनी शिरस्तेदारास नियमांचे पुस्तक आणावयाची आज्ञा केली. पुस्तक कपाटाच्या मोडक्या पायाखाली होते, ते ओढून काढिले, तो कपाट कलले आणि जुने दावे शिरस्तेदाराचे अंगावर आले. त्या धुरळ्यात टिपणिसांनी पोट पुढे केले, ते न चालता दाढ पुढे केली. वसुधाबाईंनी अर्ज केला की साक्षीदार मुलूख सोडून चालला आहे, त्याची ट्रंक व्हरांड्यात आहे, हुजुरांनी नजरेखाली घालावी. साहेब खरोखरी आसनावरून उठले, दारातून वाकून सुंभाने बांधलेली ट्रंक पाहून आले, आणि हुकूम फर्माविला जो, ट्रंक खरी दिसते, दाढ खरी दिसत नाही. अर्ज नामंजूर, साक्षीदारास उभे करावे.

गुणाजी पिंजऱ्यात चढला आणि शपथ घेऊन बोलता जाला.

"मी नळार आंघोळ करी होतंय. साबण अंगार तसोच. मालक इलो, माका बघल्यान नाय, आणि दाराक कुलूप घालून मोकळो. मगे मी बोंब मारलंय."

आता उलटतपासास टिपणीस उठले. परंतु घात ऐसा जाला होता की इतक्या वर्षांत त्यांनी दाव्याचे कागद उघडिलेच नव्हते, कारण तशी गरजच कधी पडली नव्हती. दावा कसला हेही त्यांस नीट ठाऊक नव्हते. तेव्हा त्यांनी नुसता आवाज चढवून विचारिले, "तुम्ही आत होतात, हे पाहिलं कोणी?"

"ह्ये काय, मालक बसलेत. तेनीच माका भिंतीवरसून टॉवेल टाकल्यानी."

अदालत हसली, आणि जयवंतशेठ यांस ते हसू सोसवेना. मागल्या बाकावरून ते ताडकन उठले.

"टाकला, मग? तसाच येऊ द्यायचा होता बायकांमधून? आणि तो टॉवेल अजून परत दिलेला नाही यानं!"

टिपणिसांनी डोळे मिटून घेतले. न्यायाधीशसाहेबांनी फाइल तोंडापुढे धरिली, फाइल बराच वेळ हालत राहिली, आणि मग फाइलीमागून आज्ञा जाली की प्रतिवादीचे बोलणे टॉवेलासकट लिहून घ्यावे. गुणाजीने जबानीखाली सही केली, ट्रंक डोईवर घेतली आणि एस्टीकडे कूच केले.

त्या दिवशी मिसळ जाली नाही. शेठ यांनी आता पुढे काय ऐसे पुशिले, आणि टिपणिसांस प्रथमच खरे सांगावे लागले की आता दावा चालेल आणि निकालही लागेल. शेठ यांचा चेहरा उतरला. दावा कधी चालणार नाही या वचनावर त्यांनी तो आजवर लढविला होता. दुसरे दिवशी चाळ जागी होण्यापूर्वीच त्यांनी स्वहस्ते कुलूप काढिले, आणि दावा मागे घ्यावा ऐसा पैगाम द्रौपदीबाईंकडे धाडिला. बाईंनी दरवाजा उघडा राहील ऐसे लिहून घेतले, तेव्हाच अंगठा दिला.

वागळेसाहेब मनोरीहून उन्हाने तांबूस होऊन परतले आणि वर्तमान ऐकून मटकन खुर्चीत बसले.

"वसुधा, काय केलंस हे! चांगला चालता दावा मारलास. माझा मुलगा लॉला आहे, त्याला देणार होतो मी तो."

वसुधाबाईंनी ऐकून घेतले. बॅग त्यांचे टेबलावर ठेविली आणि थेट चाळीत गेल्या. बोळातून गेल्या, उघड्या दरवाज्यातून परसात जाऊन नळालगतच्या दगडावर चढल्या, आणि वाहता नळ पाहून त्यांस काही चार शब्द बोलावे ऐसे वाटू लागले. परंतु द्रौपदीबाईंस सवड नव्हती.

"बाये, दगडावरसून खाली उतर आधी. हंडो खंय ठेवू?"

वसुधाबाई उतरल्या. हंडा भरला, आणि बाईंनी तो कमरेवर घेऊन वळसा न घालता आपली खोली गाठिली.

येणेप्रमाणे नळदरवाजा फत्ते जाला. वादीस पाणी मिळाले, प्रतिवादीची वकिलाची फी वाचली, दोन्ही पक्ष सुखी आणि दोन्ही पक्षांचे थोर वकील मात्र शोकात, ऐसे वर्तमान त्या अदालतीत पूर्वी कधी जाल्याचे कोणी सांगत नाही, सबब येथे नमूद केले असे.