पोटाला फेटा

अक्कलकोट रोडच्या हेल्मेट जनजागृती समितीचे सचिव रेवणसिद्ध यांना समितीच्याच फेरीत डोक्याला मार लागला, आणि तो सर्व नियम पाळून लागला. फोटोत चेहरा दिसावा म्हणून पदाधिकाऱ्यांनी फेटाच बांधावा, असा रीतसर ठराव होता. हेल्मेटं मागच्या टेम्पोत हार घालून ठेवली होती. वळणावर रेवणसिद्धची गाडी घसरली आणि डोकं दुभाजकावर आपटलं. फेट्याला काही झालं नाही.

मेंदूला सूज आली. सुजेला जागा मिळावी म्हणून डॉक्टर आयेशा यांनी कवटीचा तळहाताएवढा तुकडा काढला आणि तो खराब होऊ नये म्हणून रेवणसिद्धच्याच पोटाच्या कातडीखाली ठेवला.

"हाड परत बसवेपर्यंत तिथं नुसती कातडी आहे," त्यांनी त्याच्या बायकोला, श्रीदेवीला बजावलं. "धक्का लागला तर थेट मेंदूला. उठून बसले की हेल्मेट घालायचं."

श्रीदेवीचा जीव टांगणीला लागला. नवरा वाचला होता, पण एखाददुसरा शब्दच बोलत होता. त्याच्या डोक्यात हेल्मेट घालूनच ती त्याला चहा पाजायची, अंगणात बसवायची. भेटायला येणारा जो तो "बघू की, लई मऊ लागतंय म्हणं" करत हात पुढं करायचा. शेवटी ती लाटणं घेऊनच शेजारी बसू लागली.

घरातसुद्धा हेल्मेट वापरणारा सदस्य! समितीचा ऊर भरून आला. अध्यक्ष हिंदुराव चादर, नारळ आणि फेटा घेऊन सत्काराला हजर झाले.

"वैनी, हेल्मेट काढा की. फेटा कुटं बांधायचा?"

"डोस्क्याला हात लावायचा न्हाय!" श्रीदेवी आडवी आली. "हाड पोटात हाय त्यांचं. पोटालाच बांधा जावा."

समिती विचारात पडली. कवटी जिथं असेल ती जागा सत्कारापुरती डोकं समजावी, असा ठराव जागीच मंजूर झाला. फेटा पोटाला सैलसर बांधला गेला. तुरा बेंबीवर आला. टाळ्या पडल्या.

रेवणसिद्धचे ओठ हलले. "तुमी... हेल्मेट... घाला," सगळा जीव एकवटून तो म्हणाला. अपघातानंतरचं त्याचं हे पहिलं पूर्ण वाक्य. श्रीदेवीला रडूच फुटलं.

"वा! काय संदेश दिला!" हिंदुराव म्हणाले. "फोटो काढा रे."

मंडळी निघाली. हेल्मेटं गाड्यांच्या आरशांना लटकत होती. श्रीदेवी दारातून ओरडली, "आवो, डोस्क्यात घाला की!"

"हितं वळणापर्यंत तर जायचंय, वैनी."

वळण तेच होतं. वाचकहो, हसून झालं असेल तर निघा. तुम्हालाही जवळच जायचं असेल.