गेनबामामांचा विलायती राग

गेनबा काळोखे चिडले की इंग्रजीत चिडायचे, आणि तेवढंच इंग्रजी त्यांना येत होतं. इंग्रजीत वेळ विचारली तर कोरा चेहरा.

मामा तळवड्याचे. लढाईच्या काळात खडकीच्या एका वर्कशॉपात गोऱ्या साहेबाच्या हाताखाली होते. साहेब दिवसभर चिडायचा, त्यामुळे मामांचं शिक्षण एकाच विषयात, पण पक्कं झालं. पुढे पिंपरीला नवा कारखाना निघाला आणि ते आमचे फोरमन झाले.

त्यांच्या रागाला पायऱ्या होत्या. माल उशिरा आला की 'आय ॲम इन अ फ्लॅप', म्हणजे नुसती धांदल. जेवणानंतर कोणी लवंडला की 'इन अ स्ट्यू', म्हणजे मामा रश्शात शिजू लागले. 'हॉट अंडर द कॉलर', म्हणजे कॉलरखाली तापले की बिनकॉलरच्या बंडीत बोट घालून मानेभोवती फिरवायचे. आम्ही लांबूनच पायरी ओळखून कामाला लागायचो. किंवा नाही लागायचो.

मला हे खपत नसे. मी युनियनची पत्रकं लिहायचो. एकात लिहिलं, साहेब बोटीत बसून गेला, राग मात्र इथंच विसरला. मामा तडक माझ्या यंत्राशी आले. 'यू गॉट माय गोट.' म्हणजे माझी शेळी नेलीस, मला चिडवलंस. हा अर्थही त्यांनीच समजावला. शेजारचा तुकाराम म्हणाला, "द्या राव मामांची शेळी, दूध आटंल तिचं."

त्याच आठवड्यात तुकारामाचा हात यंत्राच्या पट्ट्यात गेला. पट्ट्याला जाळी बसवा म्हणून मामा मॅनेजरच्या मागे लागले होते; ती बसलीच नाही. आता सरकारी इन्स्पेक्टरसमोर चूक पोराची म्हणून सांगा, असा मॅनेजरचा मामांना हुकूम होता. म्हणजे तुकारामाचा हातही गेला आणि भरपाईही. आम्ही ऑफिसच्या दाराशी उभे राहून विलायती स्फोटाची वाट बघत होतो.

मामा हळूच म्हणाले, "जाळी मागितली व्हती मी. दिली न्हाई. पोराची चूक न्हाई, साहेब."

इन्स्पेक्टर गेल्यावर मॅनेजरनं मामांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. बाहेर येताना त्यांनी दार धाडकन आपटलं.

"मामा, ही कुठली पायरी?" मी विचारलं.

"ह्याला गोऱ्या साहेबाकडं शबुद नव्हता रं."

हॉस्पिटलात तुकारामापाशी आम्ही पाळी लावून बसणार होतो. मामांनी सायकल काढली आणि आम्हाला अडवलं.

"मी बसतो त्याच्यापाशी. माजी कोन वाट बघतंय? आन तुमाला सकाळी शिफ्ट हाय."