सफरचंदाचा रस आणि सासऱ्यांचा अभिप्राय

फ्रीजमधला सफरचंदाचा रस मोरीत ओतायचा नाही, एवढंच जावईबापूंनी ठरवलं होतं. पुढचं सगळं आपोआप घडत गेलं.

जावईबापूंचं बाइंडिंगचं दुकान होतं. बायको हॉस्पिटलात नर्स. बरा होऊन घरी गेलेल्या एका पेशंटने तिला रसाच्या बाटल्यांचा खोकाच्या खोका भेट दिला. मुलीने एक घोट घेतला आणि "औषध लागतंय," म्हणून तोंड फिरवलं. बायकोला गोड चालत नव्हतं. राहिले जावईबापू. त्यांनी नेटाने प्यायला सुरुवात केली, पण शेवटी माणसाच्या पोटालाही काही मर्यादा असतात. (जावईबापूंच्या पोटाला त्या जरा पुढे होत्या, एवढंच.)

अशात एका हॉटेलातला आचारी मेन्यूकार्डाला नवे पुठ्ठे लावून घ्यायला दुकानात आला. जावईबापूंनी त्याच्यापाशी मन मोकळं केलं.

"प्यायचा कशाला? स्वयंपाकात घाला," आचारी म्हणाला. "तिखटामिठाच्या पदार्थात. कोंबडी घ्या, कांदा परता, मोहरी वाटून लावा, मिरपूड, मीठ, आणि वरून हा रस. आटवायचा, घट्ट झाला की कोंबडीवर फासायचा. लोक बोटं चाटतात."

"घट्ट म्हणजे किती?"

"ते काय सांगायचं? करणाऱ्याच्या हाताला कळतं."

हे वाक्य जावईबापूंच्या काळजाला भिडलं. हाताला कळतं! उभा जन्म त्यांनी दुसरं काय केलं होतं? पुस्तकं चिकटवायचा सरस तयार झाला की नाही हे ते डोळे मिटून सांगत. आपल्या हातात एक आचारी दडलेला आहे आणि घरात कुणालाच त्याचा पत्ता नाही, अशी त्यांची खात्रीच पटली.

नेमके त्याच रविवारी सासू-सासरे जेवायला येणार होते. बायकोची सकाळची ड्यूटी होती.

"बाहेरून मागवू," ती म्हणाली.

"मागवायचं कशाला? मी करतो."

"तुम्ही?"

"त्यात काय एवढं?"

बायको त्यांच्याकडे थोडा वेळ बघत राहिली. हॉस्पिटलात ताप चढलेल्या माणसाकडे ती अशीच बघत असावी. "बाबा येताहेत, माहीत आहे ना?" तिने विचारलं.

माहीत होतं म्हणून तर! सासरे बसस्टँडवर गाड्यांच्या घोषणा करत. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण माईक काही सुटला नव्हता, फक्त दिसत नव्हता. त्यांच्यासमोर जावयाच्या हातचा चहा ठेवला की ते म्हणत, "कृपया लक्ष द्या. चहा पाण्याच्या मार्गे येत आहे." जावईबापूंनी भिंतीवर फळी ठोकली, तर "फळी डाव्या बाजूला प्रस्थान करीत आहे." चारचौघांत कुणी विचारलं, जावई काय करतात? तर उत्तर एकच. "चिकटवतात." आणि सगळे हसत. जावईबापूही हसत. पण मग घरी येऊन उगीचच एखादं भांडं घासत बसत. त्यांना फार नको होतं हो. एकदा, फक्त एकदा, सासऱ्यांनी तोंड भरून "छान" म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं.

रविवारी बायको बाहेर पडताच त्यांनी कंबर कसली. कोंबडी तर झालीच, पण खोक्यात बाटल्या बऱ्याच होत्या. मग कोबीत रस. बटाट्यात रस. सूप पातळ झालं म्हणून रस, मग खारट झालं म्हणून आणखी रस. मुलगी स्वयंपाकघरात डोकावली आणि "मी पाव खाईन," असं जाहीर करून गेली.

आता मुख्य काम. मोठ्या पातेल्यात मोहरी-मिरपुडीचा रस रटरटत होता. जावईबापूंनी एक थेंब बशीत घेतला, जरा निवू दिला आणि अंगठा-तर्जनीत धरून बोटं फाकवली. तार आली नाही. अजून थोडा. पुन्हा थेंब, पुन्हा बोटं. तार आली, पण तुटली. वहीला चालेल, त्यांच्या मनात आलं, पण जाड ग्रंथाला? छे! सासरे म्हणजे काय वही होती? त्यांनी आच वाढवली. शेवटी बोटं अशी काही जुळली की सोडवायला नळाखाली धरावी लागली. तेव्हा कुठे हाताला कळलं. कोरा ब्रश (कोराच होता, उगाच शंका नको) घेऊन त्यांनी कोंबडीवर थरावर थर दिले, कोपरे न विसरता. कोंबडी आरशासारखी चमकायला लागली.

दुपारी बायको ड्यूटीवरून परतली, सासू-सासरे आले आणि पानं वाढली गेली. सासरे खुर्चीत स्थिरावले, घसा साफ केला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. जावईबापूंची कोंबडी थोड्याच वेळात…"

आणि त्यांनी मोठा तुकडा तोंडात टाकला, दात मिटले.

घोषणा पुढे आलीच नाही.

सगळे थांबले. सासऱ्यांचे डोळे मोठे झाले. मान एकदा वर गेली, एकदा खाली. मग डोळ्यांत पाणी आलं.

"आजोबा रडतायत," मुलगी म्हणाली.

जावईबापूंचा ऊर भरून आला. "काही बोलू नका, बाबा. मला समजलं!"

"म्म्म! म्म्म्म!" सासऱ्यांनी हाताने पाण्याकडे खूण केली.

"आणखी? घ्या ना! संकोच कसला?" जावईबापूंनी पाण्याच्या तांब्याशेजारचा बाउल उचलून त्यांच्या पानात आणखी दोन तुकडे घातले.

बायको कोबीत काय गेलंय याच्या तपासात गुंतली होती. आणि त्या शांततेत एक अनोळखी आवाज आला. सासूबाई बोलत होत्या.

"तुम्हाला ठाऊक आहे का, आमचं जमलं कसं? माझी बस लागली होती. यांनी घोषणा सुरू केली. मी म्हटलं, संपली की चढू. घोषणा संपेपर्यंत बस निघून गेली! मी गेले भांडायला. हे खिडकीतून बोलायला लागले, ते अजून बोलताहेत."

मुलगी खो खो हसली. बायको हसली. सासूबाईंनी मग नणंदेची नक्कल केली, शेजारणीची केली, सासऱ्यांच्या निरोप समारंभाचं भाषण संपेना म्हणून मंडप सोडायला आलेले लोक कसे ताटकळले तेही सांगितलं. इतकी गंमतशीर बाई आपल्या घरी इतकी वर्षं येतेय आणि आपल्याला कळलंही नाही, याचं जावईबापूंना मनापासून नवल वाटलं.

शेवटी बायकोचं लक्ष गेलं. "बाबा, आ करा."

"म्म्म."

"अहो, बाबांची कवळी चिकटलीय! वरची खालचीला!"

मग धावपळ. कोमट पाणी, चमचा, नॅपकिन. बायकोने सराईत हाताने बराच वेळ खटपट केली तेव्हा कवळ्या बाहेर आल्या, एकमेकींना घट्ट धरून. पण जावईबापूंची धंद्याची सवय वाईट. त्यांनी त्या उजेडात धरल्या, जोडावरून अंगठा फिरवला आणि नकळत बोलून गेले, "कुठे हवेचा बुडबुडा नाही!"

बायकोने असं पाहिलं की त्यांनी त्या मुकाट्याने गरम पाण्यात सोडल्या.

सासरे बरंच काही म्हणाले. दातांविना ते कुणाला कळलं नाही, पण त्यात "छान" नव्हतं, एवढं कळलं. जावईबापू चेहरा पाडून स्वयंपाकघरात गेले आणि भांडी घासायला घेतली.

मागे पावलं वाजली. सासूबाई होत्या. हातात रिकामी बरणी.

"पातेल्यात उरलंय ना? द्या थोडं."

जावईबापूंना आधी खरंच वाटेना. मग त्यांनी साबणाचे हात पुसले. "आई! तुम्हाला आवडलं?"

"मी कुठे खाल्लं?" सासूबाई म्हणाल्या. "आज बोलण्यातून खायला सवड मिळाली का मला? यांच्यासाठी नेतेय. पुढल्या आठवड्यात माझ्या मैत्रिणी येताहेत." त्यांनी बरणी भरून घेतली, झाकण घट्ट लावलं, आणि दारापर्यंत जाऊन मायेने मागे वळल्या.

"पण तुम्ही केलंय, हे नाही हो सांगायची. नाहीतर तोंडसुद्धा लावायचे नाहीत."