शेवटच्या नंबरची चिठ्ठी

“लिहून घ्या, लताबाई. निवृत्ती शेवाळे, मूळ गाव सटाणा. नजर घारीची, नाक मुंगसाचं, कान हरणाचे.”

आणि जीभ कोणाची, असं स्वतःचंच वर्णन सांगणाऱ्या साहेबांना विचारावं, असं लता पगारेला वाटलं. पण नोकरी अजून कच्ची होती. तिने निमूटपणे लिहून घेतलं.

साल १९८४. नाशिकच्या शरणपूर रोडवरचं ‘अचूक कॉम्प्युटर सेंटर’ सातपूरच्या कारखान्यांचे पगार करून द्यायचं. म्हणजे पगार कारखाने द्यायचे, आकडेमोड मशीन करायचं आणि शिव्या लता खायची. एक तारखेपासून दहा तारखेपर्यंत तिच्या टेबलावरचा काळा फोन दम घेत नसे. शिवी ऐकली की ती तक्रारवहीत ‘ग्राहक नाराज’ असं लिहायची. शिवी आईवरून असली तर ‘अत्यंत नाराज’. त्यात पगाराच्या कंपनीत फोन उचलणारी बाई “पगारे बोलतेय” म्हणते, ही कित्येकांना थट्टाच वाटे आणि ते आणखी भडकत.

शेवाळे तक्रार विभागाचे प्रमुख. विभागात माणसं दोनच. फोन उचलणं त्यांना कमीपणाचं वाटे. तक्रार निवारायची नसते, उकलायची असते, असं त्यांचं मत होतं.

सध्याची तक्रार गोदा गिअर्सची होती. तिथल्या पुंजा सोमा भोये या कामगाराला पगार वेळेवर मिळे, पण पगाराची चिठ्ठी तीन महिने मिळाली नव्हती. इथून तीनशे अठरा चिठ्ठ्यांचा गठ्ठा जाई, वाटायला तीनशे सतराच निघत. पुंजाच्या मुलीला नाशिकच्या सरकारी वसतिगृहात जागा मिळत होती, मात्र बापाच्या तीन चिठ्ठ्या शनिवारपर्यंत अर्जाला जोडायला हव्या होत्या. आज शुक्रवार होता.

“साहेब, नक्कल छापून देऊ या ना,” लता दोनदा म्हणाली होती.

“नक्कल दिली की गुन्हा झाकला जातो.”

सकाळीच गोदा गिअर्सच्या बोडकेसाहेबांचा फोन येऊन गेला होता. या वेळी ते शिव्या न देता शांतपणे बोलले, त्यामुळे लता घाबरली. सोमवारपर्यंत निकाल लागला नाही तर आम्ही दुसरी कंपनी बघतो, म्हणाले. कामगारांची नावं त्यांच्या लक्षात नसत, नंबर तेवढे असत. एवढा मोठा ग्राहक गेला तर विभागातल्या दोन खुर्च्यांपैकी एक उचलली जाणार होती. कोणती, हे कळायला घारीची नजर नको होती.

शेवाळ्यांचा पहिला संशय छपाईच्या मशीनवर होता. ते मशीनसमोर तासभर हात बांधून उभे राहिले. मशीन कबूल झालं नाही. दुसरा संशय पुण्याच्या एका कंपनीवर: तिचा हेर आपल्यात घुसला आहे. मग त्यांनी साठीला आलेल्या गेणू शिपायाचा सायकलवरून पाठलाग केला. गेणू गठ्ठा घेऊन थेट कारखान्याच्या फाटकावर गेला, वॉचमनला देऊन परत आला. “फारच सरळ गेला,” शेवाळे धापा टाकत म्हणाले. “इतकं सरळ निर्दोष माणूस जात नाही.”

दुपारी त्यांना साक्षात्कार झाला.

“लताबाई, चिठ्ठी का सापडत नाही? कारण माणूसच नाही. पुंजा भोये हा कागदावरचा कामगार आहे. त्याच्या नावाने कोणीतरी पगार उचलतंय. करा टाइप. उद्या सकाळी बोडक्यांकडे पाठवू.”

लताची बोटं टाइपरायटरवर थांबली. हा कागद गेला तर उद्या त्या माणसाला फाटकातून आत घेणार नाहीत. ती शब्द जुळवत होती, तेवढ्यात दारात एक काटक माणूस चपला काढून उभा राहिला.

“मी पुंजा भोये. अर्धी रजा टाकून आलो हाय. चिठ्ठ्या भेटतील का?”

शेवाळे क्षणभरही डळमळले नाहीत. “तुम्हीच पुंजा भोये कशावरून?”

“आता काय सांगू, साहेब? लहानपणापासून मीच हाय.”

“कागद दाखवा.”

“पगाराची चिठ्ठी चालंल का?”

“चालेल.”

“तीच तर मागाय आलो.”

शेवाळ्यांनी त्याला विचार करायला म्हणून बाकावर बसवलं. लताने पाणी दिलं. पाणी पिताना पुंजाची नजर शेवाळ्यांच्या खुर्चीमागे भिंतीवर टांगलेल्या तारेवर गेली. तारेत कागद टोचलेले होते. तो उठून जवळ गेला.

“बाई, विंग्रजी मला येत नाय. पण हा तीनशे अठरा ना? माझा नंबर हाय.”

लताने तार उतरवली. पुंजाच्या तिन्ही चिठ्ठ्या त्यात होत्या, आणि प्रत्येकीच्या पाठीवर वॉचमनची सही: ‘गठ्ठा मिळाला’.

गेणूला हाक गेली.

“साहेबांनीच सांगितलं, गठ्ठा दिला की सही आणत जा,” गेणू म्हणाला. “वही मागितली, तर म्हणाले खर्च नको. गठ्ठ्यातली खालची चिठ्ठी पाठीमागून कोरीच असते. तिच्यावर सही घेतो, आणून देतो. साहेब सोता तारेत टोचतात.”

पुंजा सर्वांत नवा कामगार, म्हणून त्याची चिठ्ठी सर्वांत खाली. लताने तार चाळली. इतर कारखान्यांच्याही शेवटच्या नंबरांच्या चिठ्ठ्या तिथेच लटकत होत्या. त्या माणसांनी कधी तक्रारच केली नव्हती.

“हा पुरावा आहे,” शेवाळे म्हणाले. “तो बाहेर जाता कामा नये.”

“पुरावा नाही साहेब, पगाराची चिठ्ठी आहे,” लता म्हणाली. असं ती पहिल्यांदाच बोलत होती. तिने तिन्ही चिठ्ठ्या सोडवून पुंजाच्या हातात दिल्या.

“भोक पडलंय. चालंल ना, ताई?”

“वाचता येतंय. चालेल. पण आजच जा, वसतिगृहाचं ऑफिस पाचला बंद होतं.”

तो चपला हातात घेऊनच जिना उतरला.

शेवाळे आपल्या खुर्चीत जाऊन बसले. मग खाकरले. “लताबाई, बोडक्यांना पत्र. सूक्ष्म निरीक्षणाने प्रकरण उकललं. खाली शोध लावणाऱ्याचं नाव येऊ द्या.”

तिने जे खरं होतं ते नाव टाइप केलं. शेवाळ्यांनी नेहमीप्रमाणे न वाचता सही ठोकली.

बुधवारी बोडकेसाहेबांचा फोन आला. “पगारेबाई, काम तुमच्याकडेच ठेवतोय. पण यापुढे शेवाळे नकोत. त्या भोयेंनाच फोनवर देत जा.”

“ते इथे नसतात, साहेब,” लता म्हणाली. “तुमच्याकडेच आहेत. तीनशे अठरा नंबर.”