ऋजूला बघायला आलेलं पुस्तक

आमच्याकडे लहान मुलांची पुस्तकं विकत मिळत नाहीत. ती घरी येऊन मूल बघतात आणि पसंत पडलं तरच राहतात.

माझ्या जावेच्या ऋजूला आधी दोन पुस्तकं बघून गेली होती. दोघांनीही "कळवतो" म्हटलं. ऋजू घरभर धावायला लागली, पण पुस्तक नाही म्हणून तोंडातून एक शब्द नाही. जाऊबाई काळजीनं वाळत चालल्या होत्या.

रविवारी तिसरं आलं. पुठ्ठ्याचं, गोल कोपऱ्यांचं, सोबत काका म्हणून एक शब्दकोश. दोघांना सोफ्यावर बसवलं. पोहे मी केले. माझं लग्न नुकतंच झाल्यामुळे सराव ताजा होता. ऋजूला नवा फ्रॉक घालून, हात साबणानं धुऊन, जाऊबाईंनी मांडीवर घट्ट धरून ठेवलं.

"काही फाडते का?" काकांनी विचारलं.

"छे हो! कागदाला बोट लावत नाही," सासूबाई म्हणाल्या.

"चावते?"

"आमच्या घराण्यात कुणी चावत नाही," सासरे म्हणाले.

"तेच तेच पुन्हा मागते?"

"मुळीच नाही. एकदा दटावलं की गप्प."

पुस्तकानं काकांकडे पाहिलं. काकांनी बशी खाली ठेवली. "बरं. घरी जाऊन कळवतो."

जाऊबाईंचा चेहरा उतरला. मलाही असंच दाखवलं होतं. 'मुलगी अगदी गप्प' यावर मी पसंत पडले, म्हणून मी सहसा बोलत नाही.

"खोटं आहे," मी म्हणाले. "कालच तिनं आजोबांचं वर्तमानपत्र खाल्लं."

"सूनबाई!" सासूबाई ओरडल्या.

"सगळं?" पुस्तकानं पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"राशिभविष्य सगळं. अग्रलेख थुंकला."

"मुलीला खाली सोडा."

जाऊबाईंनी हात सैल केले. ऋजू सरळ सोफ्याकडे गेली, पुस्तक ओढलं, उलटं धरलं आणि कोपऱ्याला दात लावले. मग मांजराच्या चित्रावर ओला हात आपटून म्हणाली, "माऊ!"

जाऊबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"परत," पुस्तक म्हणालं.

"माऊ!"

"परत."

"माऊ!"

"पसंत आहे, काका. तुम्ही निघा."

काका चपला शोधत दारात थांबले. "या सूनबाईंना कुणी बघून गेलं का?"

"अहो, लग्न झालंय तिचं," सासूबाई म्हणाल्या.

"ते नाही विचारलं."

"कुणी नाही आलं," मी म्हणाले.

"आमच्या नात्यात एक जाडजूड कादंबरी आहे. येत्या रविवारी पाठवतो. पोहे मात्र तुम्ही करू नका."

"पोहे मी करतो," सासरे म्हणाले.